भाकरी अर्धी, गोळी मात्र पूर्ण

मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी पोटात गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडू लागतं. ताटात दोन भाकऱ्या आहेत की अर्धी, याच्याशी गोळीला देणंघेणं नसतं. म्हणून वजन कमी करायचं म्हणून एखादा मधुमेही रात्रीचं जेवण परस्पर बंद करतो, तेव्हा मध्यरात्री दरदरून घाम, थरथर, धडधड सुरू होते. रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेलीच्या खाली आलेली असते. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आहार बदलण्याआधी सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा, असा आमचा आग्रह त्यासाठीच असतो. इन्सुलिनचा डोसही बहुधा कमी करावा लागतो. वजन उतरताना रक्तदाबाची जुनी गोळी जास्त होते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी भात-पोळी एकदम सोडणं तर धोक्याचं: साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर दवाखान्यात जायला थांबू नये.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा. पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो बरेचसे पाणीच असतं, कारण शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बाहेर पडतं. त्यापुढेही आठवड्याला दीड किलोच्या वर घसरण चालू राहिली तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. स्नायूही झिजतात. ते टिकवायला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात (अंड्यात साधारण 6 ग्रॅम), शिवाय आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरच ठरवतील.

खरी कसोटी वजन उतरल्यावर लागते. भूक आवरणारं लेप्टिन घटतं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की वर्षानंतरही ही संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. ही भूक शरीराची आहे. तिला मनाचा दुबळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचंही एका अभ्यासात दिसलं. तेव्हा इंजेक्शन परस्पर बंद करू नका.

दर आठवड्याला ठरल्या वारी, सकाळी, उपाशीपोटी वजन करून वहीत लिहा. दोन किलो वाढलं की पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून या, कारण वजन परतलं की कमी केलेली गोळी पुन्हा अपुरी पडू लागते.