नऊ पावले, तीस सेकंद: अमेरिकेतील मद्यचाचणीत तोलाचे गुण कसे मोजले जातात

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा होतो आणि तोंडाशी धरलेले यंत्र बहुतेक वेळा तेथेच निकाल लावते. त्यामुळे अमेरिकेत पोलीस अधिकारी रस्त्याच्या कडेला चालून दाखवायला सांगतो, तेव्हा आपली माणसे ती नुसती औपचारिकता समजून हसत उभी राहतात आणि तेथेच फसतात.

परवाना, नोंदणी व विम्याचा कागद दाखवून झाला की प्रमाणित चाचण्या तीन असतात. पहिलीत डोळ्यांची थरथर पाहतात. उरलेल्या दोन तोलाच्या. आपल्याकडे शंभरात पस्तीस मिळाले की पास. येथे गुण फक्त चुकांचे, आणि दोन चुका पुरेशा.

सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत नऊ पावले जायचे, वळायचे आणि नऊ पावले परत यायचे, या चाचणीत आठ चुका धरल्या जातात: सूचना ऐकताना तोल जाणे, सांगण्याआधीच चालू लागणे, मध्येच थांबणे, टाच व अंगठ्यात अर्धा इंच किंवा जास्त अंतर राहणे, रेषेबाहेर पाऊल पडणे, हात सहा इंच किंवा त्याहून जास्त उचलणे, चुकीचे वळणे आणि पावलांची संख्या चुकणे. यांतील पहिल्या दोन चुका चालण्याआधीच्या आहेत, हे कोणी लक्षात घेत नाही. अधिकारी बोलत असताना एका पायापुढे दुसरा ठेवून स्थिर उभे राहायचे असते. ‘हो हो, कळले’ म्हणून पाऊल उचलणाऱ्या उत्साही माणसाची एक चूक तेथेच नोंदली जाते. वळणेही गर्रकन नाही, तर पुढचा पाय रेषेवर ठेवून दुसऱ्या पायाने लहान लहान पावले टाकत.

एका पायावर उभे राहण्याच्या चाचणीत दुसरा पाय सुमारे सहा इंच वर धरून तीस सेकंद मोठ्याने आकडे मोजायचे असतात. झुलणे, हात पसरणे, उडी मारणे आणि पाय टेकणे, या चारपैकी दोन चुका आढळल्या की रक्तातील मद्य ०.०८ टक्के किंवा जास्त असण्याची शक्यता धरली जाते. युटा राज्यात कायद्याची मर्यादाच ०.०५ आहे.

पासष्टी ओलांडलेल्यांना आणि पाठ, पाय किंवा आतल्या कानाचा विकार असलेल्यांना या चाचण्या न पिताही अवघड जातात, हे पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतच लिहिलेले आहे. म्हणून गुडघ्याचे दुखणे चालण्याआधी सांगावे, नंतर सांगितलेले सबब वाटते. डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत कोण ठेवतो?

तोलाच्या चाचण्यांना नकार देणे बहुतेक राज्यांत चालते, पण अटकेनंतरच्या श्वास वा रक्ताच्या तपासणीला नकार दिल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. या दोहोंत गल्लत करू नये. व्हिसाधारकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: २०१५ पासूनच्या धोरणानुसार गेल्या पाच वर्षांतील अशा अटकेवरूनच, दोष सिद्ध होण्याआधीही, व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि मग सुट्टीत घरी आलेल्याला परतण्यासाठी नव्याने अर्ज व वैद्यकीय तपासणी करावी लागते.