जुनी जीप-जिप्सी घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दसरा-दिवाळीच्या सुमारास आम्हाला ठरावीक फोन येतात. "एक जिप्सी पाहिलीय, टोकन देऊन ठेवलंय, जरा येऊन बघाल का?" टोकन दिल्यावर आम्ही काय बघायचं? खोट काढली तर तुमचे पैसे अडकलेले, आणि नाही काढली तर आम्ही कशाला आलो? म्हणून हे पत्रक छापलं आहे. ऐरोली, घणसोली, ठाणे, खारघर इकडची बरीच मंडळी हौसेने जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घेऊन स्वतःच्या हाताने उभी करू पाहतात. त्यांनी सौद्याला जाण्याआधी ते वाचावं.

आमचं सांगणं असं: जुन्या गाडीत पैसे द्यायचे ते कागदांचे आणि चासीचे. इंजिन बांधता येतं, पत्रा बदलता येतो. हूड, सीटा, वायरिंग बाजारात मिळतं. आरसी बुक अडकलं किंवा चासी कुजली, तर आमच्यासारखं गॅरेज फार काही करू शकत नाही. जाहिरातीत मात्र नेमकं उलटं असतं: नवे टायर, नवा रंग, एलईडी बार, आणि शेवटी बारीक अक्षरात "पेपर थोडे बाकी".

कोणती गाडी

पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर जिप्सी घ्या. १९८५ च्या अखेरीस ती ९७० सीसी इंजिनाची आली, १९९६ ला १.३ लिटरची किंग आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन). हलकी गाडी, साधं पेट्रोल इंजिन, आणि लष्कराने वर्षानुवर्षं वापरल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पाट्यांमुळे (लीफ स्प्रिंगमुळे) पाठ हलते, ते मात्र गृहीत धरा.

महिंद्रच्या एमएम ५४० आणि ५५० चा आवाज ज्यांच्या कानात बसलाय त्यांना जिप्सी पटत नाही, आणि आम्ही वादही घालत नाही. ५४० मधलं प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २.१ लिटर डिझेल इंजिन संथ, पण समजूतदार आहे. फक्त गरम होऊ देऊ नका, हेड गॅस्केट जातं. या जीपांत फोर-बाय-टूही भरपूर विकल्या गेल्या, तेव्हा गाडीखाली वाकून पुढच्या अॅक्सलवर डिफरन्शियल (गिअरचा फुगीर डबा) आहे का ते बघा. नुसता फोर-बाय-फोरचा दुसरा लिव्हर दिसला म्हणून भुलू नका.

सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची ८० इंची जुनी विलीज, दिसायला सगळ्यात देखणी. पण आता ती घेणाऱ्याने वर्षभर भाग शोधायची तयारी ठेवावी. आणि जोंगा? जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या 'पॅट्रोल' या जीपवर बेतून बनलेली, जवळपास चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची गाडी. पेट्रोलच्या आजच्या भावात ती कोणाला परवडते हे आम्ही विचारत नाही. आम्हाला स्वतःला आवडते.

कागद

हा भाग सावकाश वाचा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५ भरून आणि गाडी प्रत्यक्ष दाखवून. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते पुढे आणखी वाढलं. खरा फटका उशिराचा. त्याच नियमात मोटारीला महिन्याला ५०० रुपये विलंब आकार आहे. आठ वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपला या हिशेबाने नुसते ४८,००० रुपये होतात, पर्यावरण कर वेगळा. "आरसी फक्त रिन्यू करायचंय" असं विकणारा म्हणतो तेव्हा त्या "फक्त"चा आकडा आधी आरटीओतून काढा आणि सौद्यातून वजा करा.

नंबर मिळाला की सगळ्यात आधी एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका. नोंदणी चालू आहे, संपली आहे, की दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी (ना हरकत दाखला) निघून गेली आहे. बँकेचा बोजा आहे का. काळ्या यादीत आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. काहीच आलं नाही तर घाबरू नका. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते. एमएच मालिका १९८९ नंतरची, त्याआधीच्या नंबरांचं तर हे नेहमीचंच. अशा वेळी मूळ आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्याने करून द्यावी. ठाण्याची गाडी असेल तर एक चक्कर मारून होईल, नांदेडची असेल तर तुमची सुट्टी गेली.

मालक हयात आहे का, हेही विचारा. जुन्या जीपा बहुतेक आजोबांच्या नावावर असतात आणि विकायला नातू आलेला असतो. वारसाच्या नावावर आधी गाडी चढायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१. मगच तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. कर्ज कधीकाळी फेडलेलं पण बोजा तसाच, असं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. जिथे कर्ज होतं ती पतसंस्थाच बंद पडली असेल, तर तो सौदा सोडा.

दिल्लीची गाडी स्वस्त का पडते हे आता सगळ्यांना माहीत आहे: तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशांनी बंदी आली. तिथली चांगली जिप्सी इकडे आणता येते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात असेल तरच. मग इकडचा रोड टॅक्स आणि एमएच-४३ चा नवा नंबर. नोंदणीच रद्द झालेली असेल, तर ती गाडी म्हणजे सुटे भाग समजा आणि त्याच भावाने घ्या.

सरकारी खात्याच्या जुन्या जीपेबद्दलही फोन येतात, वनखात्याची, जिल्हा परिषदेची. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रातच जायला हव्यात. कोणी "सेटिंग करून देतो" म्हणालं, तर चहा पिऊन उठा. लष्कराच्या लिलावातल्या गाडीला आरटीओचं पुस्तकच नसतं. तिथे लिलावाचे मूळ कागद सर्वस्व. बोली लावण्याआधी नवी मुंबईच्या किंवा ठाण्याच्या आरटीओत जाऊन अशी नोंदणी होईल का ते विचारून या.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते: 'व्हीए' अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली एवढंच. रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी वडापाव खायला जायचं असेल तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही.

चासी आणि पत्रा

गाडी बघायला जाताना चुंबक, लांब स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जुनी चादर घेऊन जा. कपडे खराब झाले नाहीत तर गाडी बघितली नाही असं धरा.

आधी चासीवर ठोकलेला नंबर शोधा, तारेच्या ब्रशने घासा आणि पेन्सिलने कागदावर छाप घ्या. आरटीओतही हेच करतात. अंक अस्पष्ट असले तर चालतं. घासलेले, वेल्डिंगच्या तुकड्यावर असलेले किंवा आजूबाजूचं लोखंड वेगळ्या रंगाचं असेल तर तिथूनच परत फिरा. आरसीवरचा इंजिन नंबरही जुळवा. जुन्या नंबरवर सगळीच नवी गाडी उभी करण्याचे प्रकार होतात आणि अशी जीप दिसायला फार छान असते.

मग गाडीखाली जा. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटा चासीला जोडणारे दुवे) जिथे बसतात ती जागा, आडवे क्रॉस मेंबर, बॉडी माउंट: स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा. लोखंड खणखणीत वाजायला हवं. पापुद्रे निघाले किंवा टोक आत गेलं तर चासी गेली. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर आम्ही गंजलेल्या चासीपेक्षा त्याला जास्त घाबरतो. जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि काचेची चौकट ही कुजायची ठिकाणं. चटई उचलायला लाजू नका. चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे.

गाडी कुठे राहिली यावर बरंच अवलंबून असतं. कोकणातली, अलिबाग-उरणकडची किंवा आपल्याच खाडीकाठच्या सोसायटीत उघड्यावर उभी असलेली गाडी खारी हवा आणि चार महिन्यांच्या पावसाने आतून खाल्लेली असते. आम्ही घाटावरची गाडी पसंत करतो: नाशिक, नगर, सोलापूर. तिकडे पत्रा टिकतो. पण तिकडची जीप वडापला चाललेली असू शकते. मागे जादा पाटे, चासीला मागे वाक, टपावर माणसं बसवायचा कॅरिअर आणि आरसीवर 'ट्रान्सपोर्ट' अशी खूण दिसली, की ती दहाच्या जागी वीस माणसं वाहून दमलेली आहे. शिवाय ती खासगी करून घ्यायला वेगळी परवानगी लागते.

इंजिन, गिअर, स्टिअरिंग

पोहोचल्याबरोबर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर मालकाने तुमच्यासाठी ती आधीच चालू करून ठेवली आहे. थांबा, थंड होऊ द्या, मग स्वतः चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, थांबतच नसलेला पांढरा धूर म्हणजे हेडकडे बघा. डिझेल चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा: थोडी वाफ चालते, भकाभका धूर येत असेल तर रिंगा-बोअर गेले. याने सौदा मोडू नका, फक्त भाव पाडा. बोअरिंग, क्रँक ही लेथवाल्याची रोजची कामं आहेत.

फोर-बाय-फोर कोरड्या डांबरावर टाकून बघू नका. या गाड्यांत मधला डिफरन्शियल नाही, पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) मार खातो. मातीच्या मोकळ्या जागेवर फोर-बाय-फोरचा लो गिअर टाका, चालीने पुढे जा, मग एकदम अॅक्सिलरेटर सोडा. लिव्हर आपोआप बाहेर उडी मारत असेल तर आत काम आहे. पुढच्या चाकामागच्या गोळ्यावरून ग्रीस-ऑइल ओघळलंय का तेही बघा. सील स्वस्त आहे, पण गळतीकडे दुर्लक्ष झालं असेल तर किंग पिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीची) बेअरिंगही गेलेली असतात.

ठाणे-बेलापूर रोडच्या उड्डाणपुलांचे जॉइंट ही आमची आवडती चाचणी. पन्नासच्या वेगाने त्यांवरून जाताना स्टिअरिंग हातात नाचायला लागलं तर टाय रॉड, किंग पिन आणि पाट्यांचे बुश तपासा. आधी ब्रेक मात्र नक्की बघून घ्या. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम असतात आणि पहिल्या दाबात लागतीलच असं नाही.

खोलून ठेवलेली गाडी

"सगळे भाग आहेत, फक्त जोडायचंय" हे वाक्य ऐकलं की आमचा मेस्त्री हसतो. सगळे भाग कधीच नसतात. लागेल ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत शोधावं लागतं, आणि तिथे ते मिळेपर्यंत तुमचा उत्साह मावळतो. न चालणारी पण अंगावर सगळं असलेली, धुळीने माखलेली गाडी आम्ही कधीही वरचढ मानू.

फेरफार

मोठे टायर, वेगळं इंजिन, उंच केलेली गाडी: दिसायला झकास, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. जिप्सीत डिझेल बसवून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

जागा, सोसायटी आणि घरचे

गाडी घेण्याआधी ती ठेवणार कुठे ते ठरवा. स्टिल्ट पार्किंगमध्ये विटांवर उभी केलेली, ऑइल गळणारी जीप सोसायटीच्या बैठकीत विषय क्रमांक एक होते. खोलकाम गॅरेजमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात करा; घरी डायनामो, कार्ब्युरेटर, सीटा असली टेबलावरची कामं ठेवा. विमा आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही त्याच यादीत लिहा, १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती प्लेट सक्तीची आहे.

कामाचा क्रम आमच्याकडे ठरलेला आहे: ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोल-डिझेलच्या नळ्या, मग वायरिंग, इंजिन-गिअर, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण आधी रंग मारून घेतात आणि इंजिन बसवताना त्यालाच ओरखडे पाडतात.

आमच्याकडे येताना

गाडी तपासायला आम्ही ठाणे, नवी मुंबई, कल्याण, पनवेलपर्यंत येतो. पाहणीचे पैसे घेतो. पुढे काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. येण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचे, चासी नंबरचे आणि गाडीच्या खालून घेतलेले फोटो व्हॉट्सअॅप करा. अर्ध्याअधिक गाड्या आम्ही फोटोवरूनच नाकारतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. जून ते सप्टेंबर रंगकाम घेत नाही, दमट हवेत रंग फुगतो. त्या महिन्यांत इंजिन आणि गिअरची कामं मात्र लवकर होतात. रविवारी शटर अर्धं उघडं असतं. स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करायचं असेल त्यांनी त्या दिवशी यावं, पाने-हत्यारं आमची वापरा, जुने कपडे घरून आणा.