जुने व्हिडिओ गेम : जपायला परवानगी, खेळायला नाही

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत एक निर्णय झाला. बाजारातून नाहीसे झालेले व्हिडिओ गेम ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी अभ्यासकांना इंटरनेटवरून, दूर बसून उघडू द्यावेत, अशी सवलत कॉपीराइट कायद्यातून मागण्यात आली होती. ती नाकारली गेली. एरवी अशा कायदेशीर बातम्या चार दिवसांत विस्मरणात जातात. ही मात्र जुन्या खेळांवर प्रेम करणाऱ्यांच्या मनाला लागली, कारण तीस वर्षांपासून चालत आलेला एक वाद तिने पुन्हा वर काढला : जुना खेळ जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा, सुरुवातीचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो, त्यामुळे तो थोडक्यात. १९७१-७२मध्ये 'कॉम्प्युटर स्पेस' आणि 'पाँग' आले, १९७८मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८०मध्ये 'पॅक-मॅन'. १९८३च्या सुमारास उत्तर अमेरिकेतला घरगुती खेळांचा बाजार कोसळला आणि घरच्या टीव्हीला जोडायच्या जपानी खेळयंत्रांनी, म्हणजे कन्सोलनी, तो पुन्हा उभा केला. १९९१मध्ये 'स्ट्रीट फायटर टू'ने आर्केडमध्ये परत गर्दी खेचली. पण १९९४च्या अखेरीस 'प्लेस्टेशन' आलं आणि आर्केडसारखं चित्र घरच्या टीव्हीवर दिसू लागल्यावर नाणं टाकून खेळण्याचं मोठं कारणच उरलं नाही.

स्मरणरंजनाची गोष्ट खरं तर इथून सुरू होते. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पहिल्या पिढीतले खेळाडू कमावते झाले होते आणि त्यांच्या लहानपणाची यंत्रं भंगारात निघत होती. आर्केडच्या व्यवसायात जुन्या बोर्डाला, म्हणजे खेळाच्या चिप बसवलेल्या पट्टीला, किंमत नव्हती. नवा खेळ आला की त्याच कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसायचा, जुना अडगळीत जायचा. पुस्तकाच्या हजारो प्रती कुठे ना कुठे उरतात. आर्केडच्या काही खेळांचे मात्र जगभरात मोजकेच बोर्ड शिल्लक राहिले.

शिवाय या खेळांमध्ये प्रोग्राम आणि यंत्र वेगळं काढता येत नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिकाधिक वेगाने धावतात. काळजाचे ठोके वाढवणारा हा परिणाम त्या प्रोसेसरच्या मर्यादेतून आला : आकृत्या कमी झाल्या की त्या रंगवायला लागणारा वेळही कमी व्हायचा. 'पॅक-मॅन'च्या २५६व्या पातळीवर अर्धा पडदा अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता आणि एका बाइटची धाव २५५पर्यंतच असते. असा खेळ नव्या संगणकावर नव्याने लिहून काढला तर तो दिसायला तसाच दिसेल, पण या खोडी त्यात असणार नाहीत. जाणकार खेळाडूला नेमक्या त्याच हव्या असतात.

फेब्रुवारी १९९७मध्ये एका इटालियन प्रोग्रामरने 'मेम' हा आर्केड एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नव्या संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत 'पॅक-मॅन'च्या हार्डवेअरवरचे मोजकेच खेळ चालत होते. पुढे जगभरातल्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली आणि ही संख्या हजारोंच्या घरात गेली. या प्रकल्पाने आपलं उद्दिष्ट पहिल्यापासून एका विशिष्ट पद्धतीने मांडलं आहे : जुनं हार्डवेअर कसं चालत होतं याची नोंद ठेवणं हे मुख्य काम, आणि खेळ प्रत्यक्ष चालणं हा त्या नोंदीच्या अचूकतेचा पुरावा. बऱ्याच जणांना ही पळवाट वाटली. फुकट खेळायला मिळावं म्हणून केलेला हा शहाजोगपणा, असंही म्हटलं गेलं. मला मात्र प्रकल्पाचं ते विधान अक्षरशः खरं वाटतं. चिपमधला मजकूर वाचून काढला, फाइल तयार झाली, तरी ती पूर्ण आहे की नाही, ध्वनीची चिप कधी बोलते, पडद्यावर कोणती आकृती आधी उमटते, हे खेळ सुरू करून कुणीतरी तो मन लावून खेळल्याशिवाय कळत नाही. कितीतरी चुका जुन्या खेळाडूंनी पकडल्या, कारण तिसऱ्या पातळीवरचा आवाज अर्धा सूर खाली लागतो हे त्यांच्याच कानांना ठाऊक होतं.

हे काम किती चिवटपणे झालं याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९९३मध्ये आलेली 'सीपीएस-टू' ही आर्केड प्रणाली. नकली बोर्ड निघू नयेत म्हणून तिच्यातला प्रोग्राम कूटबद्ध केलेला होता आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवलेली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड कायमचा मुका व्हायचा. चाहत्यांमध्ये तिला 'सुइसाइड बॅटरी' म्हणतात. म्हणजे विकत घेतलेलं, जिवापाड सांभाळलेलं यंत्रसुद्धा ठरलेल्या मुदतीत मरणार होतं. २००१च्या आसपास हौशी मंडळींनी हे कवच पहिल्यांदा भेदलं, २००७मध्ये कूटपद्धती पूर्ण उलगडली आणि २०१६मध्ये मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याची रीतही सापडली. आज हे बोर्ड पुन्हा जिवंत होतात ते त्या कामामुळे. हे काम करायला कुणी त्यांना परवानगी दिलेली नव्हती.

मूळ कंपन्यांना या आठवणींची किंमत उशिरा कळली. २००६मध्ये 'वी' कन्सोलबरोबर जुने खेळ डाउनलोड करून विकण्याची सोय आली. नोव्हेंबर २०१६मध्ये तीस खेळ आत भरलेला तळहाताएवढा 'एनईएस क्लासिक' बाजारात आला. काही महिन्यांत तेवीस लाख संच विकले गेले आणि मागणी असतानाच त्याचं उत्पादन थांबवण्यात आलं. ते पुन्हा सुरू झालं २०१८मध्ये. त्याच्या धाकट्या भावंडात, २०१७च्या 'एसएनईएस क्लासिक'मध्ये, 'स्टार फॉक्स टू' हा १९९०च्या दशकात तयार होऊनही कधीच न विकला गेलेला खेळ अधिकृतपणे आला. त्याच्या अर्धवट आवृत्त्या चाहते एम्युलेटरवर कित्येक वर्षं आधीपासून खेळत होते. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन क्लासिक'च्या पोटात तर हौशी मंडळींनी लिहिलेला मुक्त एम्युलेटरच होता. ज्या कामाकडे चोरीचं साधन म्हणून पाहिलं जात होतं, ते आता अधिकृत डब्यातून विकलं जात होतं.

त्याच २०१८मध्ये दुसरी बाजूही दिसली. जुन्या खेळांच्या फाइली देणाऱ्या संकेतस्थळांवर दावे लागले, त्यातल्या एका प्रकरणात सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरचा निवाडा झाला, आणि सुमारे अठरा वर्षं चाललेल्या एका प्रसिद्ध संकेतस्थळाने भीतीपोटी स्वतःहून डाउनलोड बंद केले. त्यांतली काही संकेतस्थळं जाहिरातींवर पैसा कमावत होती, हे खरंच आहे. पण त्यांच्याबरोबर असे असंख्य खेळ दिसेनासे झाले, जे कुठलीच कंपनी विकत नव्हती. अधिकृत दुकानंही टिकाऊ ठरली नाहीत. 'वी'चं जानेवारी २०१९मध्ये बंद झालं, 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' या नंतरच्या यंत्रांची दुकानं मार्च २०२३मध्ये. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ कुठेही अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. हे प्रमाण त्या देशातल्या मूकपटांच्या अवस्थेच्या जवळपास जातं.

आता पुन्हा त्या निर्णयाकडे, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

१९९८च्या कायद्याने अमेरिकेत नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. आतली वस्तू तुमच्या मालकीची असो, तुमचा हेतू शुद्ध असो, कुलूप तोडलं की कायदा मोडला. त्यावर उतारा म्हणून दर तीन वर्षांनी सुनावणी होते आणि ठरावीक कामांना सवलत मिळते. २००३मध्ये कालबाह्य झालेल्या माध्यमांवरच्या प्रोग्रामांना आणि व्हिडिओ गेमना अशी सवलत मिळाली होती. २००६मध्ये ती चालू राहिली, २०१०मध्ये गेली. २०१५मध्ये ज्यांचे सर्व्हर बंद पडले आहेत अशा खेळांसाठी ग्रंथालयं, अभिलेखागारं आणि संग्रहालयं यांना मर्यादित मुभा मिळाली. अट अशी की खेळ त्या संस्थेच्या इमारतीबाहेर जाता कामा नये. २०१८मध्ये ही मुभा थोडी रुंदावली, अट तशीच राहिली.

२०२१मध्ये जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्या वर्षी बाजारात न मिळणाऱ्या इतर सॉफ्टवेअरसाठी इमारतीची अट सैल झाली. जुना लेखन-प्रोग्राम, जुना हिशेबाचा प्रोग्राम अभ्यासकाला काही बंधनं पाळून दुरून उघडता येऊ लागला. खेळांना मात्र हे लागू केलं नाही. एकाच काळातले, एकाच प्रकारच्या डिस्कवर आलेले दोन प्रोग्राम, कधीकधी एकाच कंपनीचे. एक घरून पाहता येतो, दुसऱ्यासाठी प्रवास करून त्या इमारतीत जावं लागतं. दोघांत फरक एवढाच की दुसरा खेळताना आनंद होतो.

२०२४च्या मागणीत हा फरक मिटवण्याची विनंती होती. विरोध खेळ-उद्योगाकडून आला. त्यांचं म्हणणं होतं की जुन्या खेळांना आज जिवंत बाजार आहे, त्यांच्या नव्या आवृत्त्या आणि संच निघत असतात, आणि दुरून प्रवेश दिला की लोक अभ्यासाच्या नावाखाली मौजेसाठी खेळतील. ऑनलाइन आर्केडच उभं राहील, अशी ती भीती होती. निर्णय देणाऱ्या कार्यालयाने ही भीती ग्राह्य धरली : बाजाराला धक्का बसण्याची शक्यता आहे आणि प्रवेश घेणारा खरोखर अभ्यासच करेल याची पुरेशी हमी मागणीत नाही.

बाजाराचा मुद्दा अगदीच निराधार नाही. 'पॅक-मॅन' आजही विकला जातो आणि तो उद्या कोणत्या नव्या संचात येईल हे ग्रंथपाल सांगू शकत नाही. पण हा युक्तिवाद उरलेल्या १३ टक्क्यांच्या जोरावर ८७ टक्क्यांना कुलूप लावतो. ज्यांचे हक्क कोणाकडे आहेत हेच कुणाला माहीत नाही, ज्यांची कंपनी तीस वर्षांपूर्वी बुडाली, त्या खेळांचा कोणता बाजार बुडणार आहे? मौजेची भीती तर मला मुळातच चुकीची वाटते. जुनी कादंबरी ग्रंथालयातून घरी नेणारा वाचक ती अभ्यासासाठी वाचतो की रात्री झोप येत नाही म्हणून, हे कुणी विचारत नाही. खेळाचा अभ्यास करायचा तर तो खेळावाच लागतो, आणि खेळताना मजा आली नाही तर बहुधा अभ्यासही नीट झालेला नसतो. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधला शेवटचा शत्रू का घाबरवतो, हे पडद्याचं छायाचित्र पाहून कुणालाही कळणार नाही.

उलट ज्या व्यवहारात खेळ अजिबात खेळला जात नाही, त्याला काहीच अडचण येत नाही. जुलै २०२१मध्ये 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली. तिची सगळी किंमत तिचं वेष्टन कधीच न उघडण्यात आहे.

गंमत म्हणजे निर्णयाच्या सहा महिने आधी, एप्रिल २०२४मध्ये, मोबाइलच्या एका मोठ्या अ‍ॅप-दुकानाने जुन्या कन्सोलच्या एम्युलेटरवरची आपली बंदी उठवली आणि असे अ‍ॅप लगेच लाखो लोकांनी उतरवून घेतले. नोव्हेंबर २०१४पासून एका डिजिटल संग्रहावर नऊशेहून जास्त आर्केड खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतात. म्हणजे सामान्य चाहत्याला खेळ मिळतोच. अडतो तो संस्थेत काम करणारा, नियम पाळणारा अभ्यासक.

इतक्या वर्षांत एम्युलेटर मंडळींपुढचे प्रश्नही बदलले. फाइल मिळवणं हा आता अवघड भाग राहिलेला नाही. अडचण आहे ती जुन्या काचेच्या पडद्याची. त्या काळचे चित्रकार जाड पिक्चर ट्यूब गृहीत धरून रंग भरत. 'सॉनिक' या खेळातला धबधबा पारदर्शक दिसायचा, कारण त्यातल्या उभ्या पट्ट्या टीव्हीच्या केबलमधून येताना एकमेकींत मिसळायच्या. आजच्या स्वच्छ पडद्यावर त्या नुसत्या पट्ट्या दिसतात. बंदुकीने नेम धरायचे जुने खेळ तर सपाट पडद्यावर चालतच नाहीत, कारण ती बंदूक ट्यूबमधल्या किरणाची वेळ ओळखायची. २०१७पासून 'मिस्टर' या प्रकल्पात मूळ चिपचं अंतर्गत वर्तनच एफपीजीए नावाच्या, आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर उभं केलं जातं. त्याने बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा विलंब जवळपास मूळ यंत्राइतका कमी झाला आहे. पिक्चर ट्यूबचं कारखानी उत्पादन मात्र जवळजवळ थांबलं आहे, आणि जुन्या ट्यूब दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत.

सवलतींची पुढची फेरी २०२७मध्ये आहे. तेव्हा हीच मागणी पुन्हा येईल असं वाटतं आणि यायलाही हवी. एका वेळी एकालाच प्रवेश, वापराची ठरावीक मुदत, विक्रीत असलेले खेळ यादीतून वगळणं, अशी बंधनं तिच्यात आधीच नीट लिहून दिली तर २०२४मधल्या आक्षेपांपैकी बरेचसे गळून पडतील. इतर सॉफ्टवेअरला २०२१मध्ये दिलेल्या मुभेचा पाच-सहा वर्षांचा अनुभवही तोवर हाताशी असेल. दरम्यान चिपमधला मजकूर धरून ठेवणारा विद्युतभार हळूहळू ओसरतो आहे, आणि ज्यांचा मजकूर अजून कुणी वाचून घेतलेला नाही असे बोर्ड खासगी संग्रहांत पडून आहेत.