हुजऱ्याचा कॅमेरा आणि गालिच्याखालचे पौंड

१९४३ साली तुर्कस्तानात, अंकारातल्या ब्रिटिश राजदूताच्या घरी एलियेसा बाझ्ना नावाचा हुजऱ्या कामाला होता. साहेबांचे कपडे काढून ठेवायचे, आंघोळीची तयारी करायची, रात्री हवं-नको बघायचं. राजदूत सर ह्यू नॅचबुल-ह्युगेसन यांना गोपनीय कागद घरी आणून वाचायची सवय होती. ते आंघोळीला गेले की कागदांच्या पेटीच्या चाव्या बाहेर राहत. बाझ्नानं सांगितलं त्याप्रमाणे त्यानं त्या मेणात दाबून ठसे घेतले. मेणाला हाताची ऊब पुरते. ते दबतं आणि रबरासारखं पुन्हा वर येत नाही, त्यामुळे चावीचा दातन् दात उमटतो. चावी पुसली की मागे काही उरत नाही.

मग कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकायचे, त्यासाठी कॅमेरा. त्याच्याकडे लायका होता. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट अवघी २४ बाय ३६ मिलिमीटरची. कार्यालयीन कागदाचं आख्खं पान त्यात बसवायचं तर ते नऊ-दहा पटींनी लहान होतं, म्हणजे दोन मिलिमीटरचं अक्षर जेमतेम ०.२ मिलिमीटरचं उरतं. फिल्मवरचे चांदीच्या क्षाराचे कण त्याहून शेकडो पटींनी बारीक असतात, म्हणून ते वाचता येतं. अडचण वेगळीच असते. इतक्या जवळून कागद थोडा जरी वाकला किंवा हात हलला, तरी ओळी पुसट होतात. एका फोटोत तर कागद धरलेली बोटंच आली होती. कागद हातात, मग बटण कुणी दाबलं? हा माणूस एकटा नाही, अशी शंका जर्मन तज्ज्ञांना आली. मला ती रास्त वाटते.

२६ ऑक्टोबर १९४३ ला बाझ्ना जर्मन वकिलातीतल्या लुडविग मोयझिशला भेटला आणि पहिल्या फिल्मचे २०,००० पौंड मागितले. जर्मन राजदूत फॉन पापेन यांनी त्याला ‘सिसेरो’ हे टोपणनाव दिलं. पुढच्या काही महिन्यांत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या तेहरान परिषदेबद्दलचे कागद बर्लिनला पोचले, ‘ओव्हरलॉर्ड’ हा फ्रान्सवरच्या नियोजित चढाईचा सांकेतिक शब्दही पोचला. पण माहिती इतकी चांगली होती की परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला तो ब्रिटिशांचा सापळा वाटला. सुमारे तीन लाख पौंड मोजून घेतलेली माहिती बरीचशी वाया गेली.

त्या पौंडांची गोष्ट मात्र सगळ्यात विलक्षण आहे. त्यातले बहुतेक खोटे होते. जर्मनीतल्या झाक्सेनहाउसेन छळछावणीत नाझी सुमारे १४० ज्यू कैद्यांकडून जिवाच्या धाकावर ते बनवून घेत. डोळ्यांना कागद हुबेहूब दिसे, पण अतिनील दिव्याखाली त्याची छटा वेगळी येई. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत. काही पदार्थ ते शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात, आणि कागदात काय मुरलंय यावर त्याचा रंग ठरतो. जर्मनांनी तुर्की लिनन आणलं होतं, पण ते कोरं होतं. इंग्लंडचा नोटांचा कागद जुन्या, धुतलेल्या चिंध्यांचा असे. मग ते लिनन कारखान्यांत पुसायला वाटलं, मळल्यावर धुतलं आणि त्याचा लगदा केला. छटा जुळली! शिवाय कैदी नोटा मळक्या हातांनी घडी घालून चुरगाळत, ब्रिटिश बँका नोटांना टोचत तशा टाचण्याही टोचत.

तरीही नोट पकडली गेली, तीही दिव्यानं नव्हे. बँक ऑफ इंग्लंड प्रत्येक नोटेच्या क्रमांकाची वहीत नोंद ठेवी. आलेल्या नोटेच्या क्रमांकाचे पैसे बँकेनं आधीच चुकते केल्याचं १९४३ साली एका कारकुनाला वहीत दिसलं. पण त्या क्षणी अंकारात हे कुणाला कळणार?

बाझ्ना मिळालेल्या नोटा आपल्या खोलीत गालिच्याखाली पसरून ठेवत असे. १९४४ च्या सुरुवातीला त्यानं नोकरी सोडली. युद्धानंतर त्या पैशांवर धंदा उभारू लागला, तेव्हा बँकेनं नोटा खोट्या ठरवल्या. त्यानं पश्चिम जर्मन सरकारकडे भरपाई मागितली, ती मिळाली नाही. १९७० साली म्युनिकमध्ये त्याचा मृत्यू झाला.