नकाशावर वाटणी, चाळीत शेजार

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनांनी जिल्हे आपसांत वाटून घेतले होते. अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने काम सुरू करायचं नाही, असा हा ‘कॉमिटी’चा शिरस्ता. पैसा आणि माणसं तुटपुंजी असताना तो सोयीचा होता. पण त्यामुळे माणसाचा पंथ गावावरून ठरू लागला: नगरचा तो काँग्रिगेशनल (प्रत्येक स्थानिक चर्च स्वायत्त मानणारा), नाशिकचा तो अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला). त्यात त्याच्या निवडीचा भाग थोडाच.

मुंबईत ही वाटणी टिकणं शक्यच नव्हतं. गिरण्यांत, गोदीत कामाला आलेली कुटुंबं एका चाळीत राहत आणि रविवारी वेगळ्या देवळांत जात. गावच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, चिठ्ठी आणली नसेल, तर नव्या मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) यादीत नाव चढायला अडचण. नारायण वामन टिळकांची भजनं मात्र सगळीकडे तीच; एकी आधी पेटी-तबल्यावर आली, ठरावात नंतर.

कामाच्या बाबतीतही शहराने रेटा लावला. अमेरिकन मराठी मिशनच्या नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी धर्म न विचारता वस्तीचं काम उभं केलं. १९३६ साली तिथेच समाजकार्याचं ते विद्यालय सुरू झालं, ज्याची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. धारावीत १९७९ साली ‘प्राउड’ ही रहिवाशांची संघटना झाली, तिच्या उभारणीत ‘बिल्ड’ या आंतरपंथीय शहरी संस्थेचा हात होता. नळ आणि संडास मागताना बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, हा वाद आड येत नाही.

कॅथलिकांची दारं उशिरा उघडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, ख्रिस्ती ऐक्यावरचा हुकूमनामा २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केला आणि अकराच दिवसांनी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले.

प्रॉटेस्टंटांचं विलीनीकरण दोन टप्प्यांत झालं. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले. पुढची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली, ती फळाला आली २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. सहा चर्चांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य, आणि सगळ्यांच्या पाळकांवर परस्परांनी हात ठेवायचे, म्हणजे कुणाची दीक्षा कमअस्सल ठरायला नको. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले.

खरी गाठ मालमत्तेची. गुजरातेतील ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांनी ऐक्याचा ठराव केला होता, तरी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने मिळकत नव्या चर्चकडे जात नाही. सोसायटी कायद्यानुसार विसर्जित व्हायला हवी, त्याला तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. ट्रस्टमधल्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे जातो तो वेगळाच. ऐक्याच्या उत्साहात अनेकांनी हे कागद करायचे तसेच राहू दिले, आणि देवळाच्या किल्ल्या कोर्टात गेल्या.