पुत्रेच्छा

पुत्रेच्छा : अपत्यांत मुलगा असावाच, किंवा मुलींपेक्षा मुलगे अधिक असावेत, ही आईवडिलांची पसंती. तिच्या प्राचीनतेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. अथर्ववेदातील एका सूक्तात (६.११) स्त्रीजन्म अन्यत्र होवो व येथे पुरुष जन्मो, अशी प्रार्थना आहे. पुंसवन (पुत्रप्राप्तीसाठी गर्भारपणात करावयाच्या) संस्काराशी जोडलेले हे सूक्त वैदिक पुत्रेच्छेचा पुरावा म्हणून सर्रास दिले जाते. मात्र बृहदारण्यकोपनिषदात (६.४.१७, सामान्यतः इ. स. पू. सातवे-सहावे शतक) ‘पंडिता’ कन्या व्हावी म्हणून पतिपत्नीने तीळ घालून शिजवलेला भात तुपासह खावा, असा विधी सांगितला आहे. शंकराचार्यांच्या भाष्याने हे पांडित्य गृहकृत्यापुरते आखडले. मूळ पाठात तशी मर्यादा नाही. ही पसंती कालांतराने अधिक कठोर होत गेली, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक काळातील बदल मोजणे अवघड आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये अवघ्या ८०७. यावरून पुत्रेच्छा वाढली असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुलींपेक्षा अधिक मुलगे हवे म्हणणाऱ्या स्त्रियांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे २२ टक्के, तर २०१९-२१ मध्ये १५ टक्के होते. दोन अपत्यांवर थांबायचे ठरले, की पहिल्या मुलीनंतरचे बाळंतपण निर्णायक ठरते. उरलेली पुत्रेच्छा तिथे एकवटते आणि सोनोग्राफी तिच्या हाती साधन देते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा.

असा असमतोल ओसरूही शकतो. दक्षिण कोरियात १९९० मध्ये दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत. २००७ च्या सुमारास हे प्रमाण नैसर्गिक पातळीजवळ (सुमारे १०५) आले.

पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून मुलीचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची रीत साताऱ्यात आढळते. शाळेच्या हजेरीपटावरही हेच नाव पुकारले जाई. लहान मुलीवर याहून उघड अन्याय क्वचितच असेल. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. वारसाहक्काचा पुत्रेच्छेवरील परिणाम कमी अभ्यासला गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण कायदा लागू होण्यापूर्वी विवाह झालेल्यांना वगळले. तो भेद हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाला.