हौस व मोबदला (ब्लॉगलेखनातील)

आवडीने चाललेल्या लेखनाला पैसे मिळू लागले की मूळ आवडीचे काय होते, हा ब्लॉगलेखकांमधील जुना वाद. मोबदल्यामुळे आवड घटते, या निष्कर्षाला मानसशास्त्रात ‘अतिसमर्थन परिणाम’ म्हणतात.

‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये रूढ केला. ‘ब्लॉग’ हे संक्षिप्त रूप १९९९ मधले. २००३ मध्ये गूगलची ॲडसेन्स सेवा आली आणि लहान ब्लॉगांनाही जाहिराती मिळू लागल्या. वादाला धार चढली ती बहुधा तेव्हापासून.

वादाचा शास्त्रीय आधार मात्र त्याहून जुना आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये २४ विद्यार्थ्यांना सोमा घनकोडे, म्हणजे सात तुकडे जोडून आकृत्या बनवण्याचे कोडे दिले. बैठका तीन, प्रत्येक बैठकीत चार आकृत्या आणि प्रत्येक आकृतीला १३ मिनिटे. निम्म्या विद्यार्थ्यांना फक्त दुसऱ्या बैठकीत सुटलेल्या आकृतीमागे एक डॉलर मिळाला. मधेच प्रयोगकर्ता आठ मिनिटे बाहेर जाई. खोलीत मासिकेही ठेवलेली असत. त्या वेळात कोण आपणहून कोड्यावर किती वेळ घालवतो, हे मोजले जाई. पैसे थांबल्यावर, तिसऱ्या बैठकीत, पैसे मिळालेल्या गटाचा हा वेळ पहिल्या बैठकीपेक्षाही खाली आला. फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नाजूकच होता, याचा उल्लेख पुष्कळदा गाळला जातो. लेपर, ग्रीन व निस्बेट यांचा बालवाडीतील प्रयोग (१९७३) अधिक भक्कम. प्रशस्तिपत्राचे आमिष आधी दाखवलेली मुले पुढे स्केचपेनने इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढत बसली; तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालेल्या मुलांची आवड टिकून होती. म्हणजे बाधते ते बक्षीस नव्हे, तर ‘हे केलेस तर ते मिळेल’ ही अट. माणूस स्वतःच्या वागण्यावरून स्वतःचा हेतू ताडतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचे स्पष्टीकरण येथे लागू पडते : आपण चित्रे काढली ती बक्षिसासाठी, असे मूल ताडते.

यावर एकमत नाही. कॅमेरॉन व पियर्स यांनी १९९४ मध्ये ९६ अभ्यास एकत्र करून परिणाम किरकोळ ठरवला. डेसी, कोस्टनर व रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांवरून तो खरा असल्याचे मांडले. मतभेदाचे एक मूळ मिश्रणात आहे : कंटाळवाण्या कामांचे प्रयोग आवडत्या कामांच्या प्रयोगांत मिसळले, की परिणाम पुसट होतो. मुळात नसलेली आवड घटणार कशी? त्यामुळे दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. त्यात तोंडी कौतुकाने आवड वाढते असेही दिसले. वाचकांच्या प्रतिक्रियांवर तगून राहिलेल्या ब्लॉगांना हे नवे नाही.

प्रत्यक्ष ब्लॉगांवर मोनिक सन व फेंग झू यांचा अभ्यास (२०१३) महत्त्वाचा. एका चिनी संकेतस्थळाने जाहिरात-उत्पन्नात वाटा देऊ केल्यावर, सहभागी न झालेल्यांच्या तुलनेत सहभागी लेखकांच्या ब्लॉगांवर लोकप्रिय मजकुराचे प्रमाण सु. १३ टक्केबिंदूंनी वाढले. यातील निम्मी वाढ शेअरबाजार, चावट मजकूर व प्रसिद्ध व्यक्ती या तीन विषयांकडे वळल्याने झाली. लेखनाची गुणवत्ताही वाढली, हे ‘पैशाने हौस मरते’ म्हणणाऱ्यांना गैरसोयीचे. पैशाने येथे लेखणी थांबली नाही, तिचे विषय बदलले. मध्यम लोकप्रियतेच्या ब्लॉगांवर परिणाम अधिक ठळक होता आणि लेखक योजनेत सामील झाल्यानंतर तो टिकून राहिल्याचे दिसते.

प्रायोजित लेखनातील मोबदला उघड करण्याचे बंधन अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये ब्लॉगलेखकांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तो प्रश्न प्रेरणेपेक्षा वाचकाच्या विश्वासाचा आहे.